पिशवी, झगा, उशी

३ डिसेंबर, बुधवार

आठशे चाळीस ग्रॅम! स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीनदा तोललं. एकच वस्तू — रात्री झोपायची पिशवी, पूर्ण उघडली की खांद्यावरून घ्यायचा झगा, स्वतःच्याच खिशात कोंबली की उशी. गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या माणसाने केलंय हे, कुठल्याही कॉलेजात न जाता. आरशासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

मागून ही म्हणाली, "अजून वजन कमी करायचं असेल तर मिशी काढा."

लेक पुढच्या रविवारी आठवडाभर डोंगरात चाललीय. तिथे प्रत्येकाचा तंबू वेगळा. आपलं बाळ माझ्या हातच्या पिशवीत झोपावं, एवढंच माझं म्हणणं. तर ती म्हणते, "बाबा, मी भाड्याची सांगून ठेवलीय. तुमची पास झाली तर ती रद्द करीन."

पास! मी!

६ डिसेंबर, शनिवार

मेहुण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आणखी एक चाचणी. आजूबाजूला बटाट्यांची पोती, मध्ये मी. नेहमीप्रमाणे मी आत सरकलो, हिने उकिडवं बसून चेन गळ्यापर्यंत ओढली, वर एक थाप मारली — "झालं. आता कुठे पळाल?" मग स्वेटरवर स्वेटर घालून पालथ्या क्रेटवर बसली आणि तासभर बोलत राहिली. शेजारीण, पडद्यांचं कापड, लेकीचं लग्न न करण्याचं खूळ. मी हलू शकत नाही, म्हणजे सगळं ऐकावंच लागतं.

मेहुणा डोकावून म्हणाला, "दाजी, माझे बटाटे तुमच्यापेक्षा कमी कुरकुरतात!"

त्याला काय कळतंय? मला आत घाम आला होता, घाम!

७ डिसेंबर

आतलं लेबल कापून टाकलं. दोन ग्रॅम वाचले. हिने टाळ्या वाजवल्या. दोनच.

११ डिसेंबर, गुरुवार

ही बहिणीकडे गेलीय, शनिवारी येईल. शेवटची चाचणी कोल्ड स्टोरेजमध्ये एकट्यानेच घ्यायची ठरवली.

आत सरकलो. हात बाहेर ठेवून चेन छातीपर्यंत आणली. पुढे हात आत घ्यावाच लागतो — आणि आतून ओढायला पट्टीच नाही! चेनवर सरकणारा रनर आतल्या बाजूने गुळगुळीत. नखांनी धरला, निसटला. मान वाकडी करून दातांनी धरायला गेलो, तर मिशीच अडकली. (हिला हे कधीही सांगायचं नाही.)

छाती उघडी टाकून पडून राहिलो. दात वाजायला लागले. एवढ्या चाचण्या घेतल्या, शिलाईचा टाका न् टाका भिंगाखाली पाहिला — आणि चेन एकदाही स्वतः लावली नव्हती! लेक तिथे एकटी, कडाक्याच्या थंडीत, आणि थाप मारायला कोणी नाही.

शिवाय आज बटाटे काहीच बोलत नव्हते. फार शांत वाटलं. नको इतकं.

१२ डिसेंबर

लेकीला सांगून टाकलं. हसेल वाटलं होतं. हसलीच! मग म्हणाली, "रविवारपर्यंत होईल?"

दुपारभर चेन उसवत बसलो. दोन्ही बाजूंनी पट्टी असलेला रनर घातला. चार ग्रॅम वाढले. वाढू देत.

संध्याकाळी लेक दुकानातच फरशीवर पिशवीत शिरली आणि आतून चेन लावून घेतली. फक्त नाक बाहेर. "पास! पण काठावर हं, बाबा."

१४ डिसेंबर, रविवार

लेक सकाळी गेली. पिशवी पाठीवर. भाड्याची रद्द.

चहा घेताना हिला सगळं सांगितलं, मिशी सोडून. ही म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. ती निघायच्या आधी सांगणारच होते."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"चेन आतून लागली असती, तर मला कशाला नेलं असतं बरोबर?"

आता माझ्यासाठी एक शिवायला घेतलीय. रनरला पट्टी एकाच बाजूला — बाहेरून.