जिवंत ताईस श्रद्धांजली

ईश्वर न मानणाऱ्या बंधूसही परमपूज्य असलेल्या ताईस,

सविनय निवेदन की, मानवतावाद्यांच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनात काल मी तुला श्रद्धांजली वाहिली. मंत्रांविना अंत्यविधी कसा चालवावा, या प्रशिक्षणात प्रत्येकाने सरावादाखल एका आप्ताचा निरोप घ्यायचा होता.

बाबांच्या अंत्यविधीत मी मंत्र म्हणण्यास नकार दिला, तेव्हापासून तू अबोला धरलास. तथापि त्याच संध्याकाळी माझे ताट वाढून झाकून ठेवलेस. एवढेच मी सांगितले, आणि माझ्या धीरगंभीर स्वराने मध्येच सभात्याग केला.

शेजारच्या खुर्चीवरील निवृत्त परिचारिकाबाईंनी डोळे पुसत विचारले, "कधी गेल्या हो ताई?"

"जातेय कुठे! ठणठणीत आहे. माझ्याशी बोलत नाही, एवढंच."

"अहो, मग हे त्यांना सांगायचं सोडून आम्हाला कशाला रडवताय?"

तेव्हा आमचे समग्र तत्त्वज्ञान बाजूला ठेवून हे पत्र लिहायला घेतले. पण ते धाडले, तर जिवंतपणी श्रद्धांजली वाहिल्याबद्दल तुझा अबोला आजन्म होईल. म्हणून ते खिशातच ठेवून रविवारी स्वतःच येतो. बोलू नकोस हवे तर. फक्त ताट वाढ, आणि या खेपेस झाकू नकोस.

तुझा निरीश्वरवादी, तथापि क्षुधार्त,
धाकटा