लग्नाचा कॅमेरा वर्गात

६ जानेवारी २००८

वहिनीचा पाठ नापास! शिक्षकांनी आणखी चांगलं शिक्षक कसं व्हायचं, याची म्हणे डिग्री असते — एम.ए., तीही इंटरनेटवरून, थेट परदेशातली. सात वर्षं चौथीच्या पोरांशी डोकं फोडणाऱ्या बाईने आता हे शिकायचं. मी बारावीला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो, त्यामुळे माझं मत कोणी विचारत नाही.

वर्गात शिकवतानाचं शूटिंग पाठवायचं होतं. वहिनीने आठवडाभर पाठ घोटून घेतला, साहेब तपासणीला येणार असले की घेतात तसा. सगळी पोरं एका सुरात, हातही एकदम वर. परदेशातल्या बाईंची मेल आली — हा तास नाही, कार्यक्रम आहे. (इंग्रजीत, फार गोड शब्दांत.) खरा तास पाठवा. एकच संधी.

वर दादाचा विरारहून फोन. मार्चपर्यंत डिग्री मिळाली तर कर नोकरी, नाहीतर राजीनामा दे आणि इकडे ये. दोन गावांत एक संसार किती दिवस! त्याचंही खरं आहे. पण वहिनी गेली की मला आईच्या हातचं जेवावं लागेल, हे कोणाच्या लक्षातच आलेलं नाही.

९ जानेवारी

"भावोजी, तुम्ही कराल का शूटिंग?" — म्हणजे रत्नागिरीत दुसरं कोणी उरलं नाही. सध्या मी महिपत व्हिडिओवाल्याच्या हाताखाली लग्नांच्या शूटिंगला लाइट धरतो. त्याआधी गोव्यात होतो, त्याआधी दाभोळला लाँचवर, त्याआधी — जाऊ दे.

महिपतने कॅमेरा दिला, वर उपदेश फुकट. "नवरीवरून कॅमेरा हलवायचा नाय. तू मेल्या मांजर बघत बसशील." चिपळूणच्या लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हा मी मांडवावरचं मांजर घेत होतो, ते तो जन्मभर काढणार.

१७ जानेवारी

झालं शूटिंग. अपूर्णांक. वहिनीने फळ्यावर सुरमई काढली आणि चार भाग पाडले. मिरकरवाडा बंदरावरची पोरं ती — पाव भाग डोकं धरून की डोकं सोडून, यावर मारामारी व्हायची बाकी होती. तास खराच निघाला!

मी बराच वेळ नवरी सोडली नाही. मग खिडकीत कावळा आला. कावळ्याखाली शेवटचा बाक, बाकावर एक पोरगी. नजर बाहेर, हात खाली, ओठ हलताहेत. झूम करून जवळ घेतली. वहिनी प्रश्न विचारायची, हिचे ओठ हलायचे, आणि मग दुसरंच कोणीतरी तेच उत्तर ओरडायचं. गंमत वाटली. घंटा होईपर्यंत तिथेच राहिलो.

वहिनीला अर्थात सांगितलं नाही.

१९ जानेवारी

महिपतच्या दुकानात, लोडशेडिंग संपल्यावर, कॅसेट लावली.

"यात मी कुठे आहे?"

आवाज आहे की, म्हटलं. मग जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

नंतर वहिनी खुर्ची पुढे ओढून बसली. मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. ही झारा, म्हणाली, हिला काहीच येत नाही असं मी धरून चालले होते. आणखी एकदा मागे. मग हळूच म्हणाली, "हिच्या शेजारणीला दोनदा विचारलं मी. हिला एकदाही नाही."

महिपतने चहा मागवला. कोणी प्यायलं नाही.

२० जानेवारी

वहिनीचा हुकूम — झाराचं काढून टाका, लग्नात रुसलेली आत्या काढता तसं. काढलं. महिपतच्या कॉम्प्युटरने सवयीने वहिनीवर गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या, त्याही काढल्या. दोन सीड्या झाल्या, एक कापलेली, एक अख्खी. कापलेलीत वहिनी काय शिकवते! पास होणार.

२२ जानेवारी

कुरियरला निघालो. वाटेत जेटीवर मासळीचा लिलाव चालला होता. थोडा वेळ थांबलो. थोडा म्हणजे माझा थोडा. तेवढ्यात रिक्षातून वहिनी!

"दिलंत पाकीट?"

नाही, म्हटलं आणि शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. तर तिने पाकीट फोडलं, कापलेली सीडी काढली, पर्समधली अख्खी आत घातली.

नापास करतील, म्हटलं.

"करू देत. त्या कापलेलीत मी फारच चांगली दिसते, भावोजी."

माझं रेंगाळणं आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी कामी आलं. महिपतला सांगून उपयोग नाही.

८ मार्च

मेल आली. पास नाही, नापासही नाही. ती मुलगी तुम्हाला दिसली आणि तुम्ही लपवलं नाही, हे चांगलं झालं. मग पुढे काय केलंत? ते कळवा, मग निकाल. — म्हणजे मार्चमध्ये डिग्री गेलीच. दादा येत्या शनिवारी तिला न्यायला येतोय.

लिहून टाक काय केलंस ते, म्हटलं. तर वहिनी सायबर कॅफेतल्या कीबोर्डकडे बघत बसली. काहीच केलं नव्हतं! जानेवारीपासून झाराला एक प्रश्न नाही. धीर होत नाही म्हणाली. इतके दिवस विचारलं नाही, आता कोणत्या तोंडाने विचारू?

दोन एम.ए. केल्या तरी हे कोण शिकवणार!

१० मार्च

आज विचारलं. उत्तर बरोबर आलं. झारा उभी राहिली, सांगितलं, बसली. वर्गात कोणाला काही विशेष वाटलं नाही.

शाळा सुटल्यावर वहिनीने तिला थांबवलं. एवढं येतं तर हात का गं वर करत नाहीस?

"मला येतं ते तुम्हाला माहीतच होतं ना, बाई? म्हणून तर विचारत नव्हतात."

वहिनी हे सांगून जेवणावरून उठली. मी पुढ्यातलं संपवलं. चव कळली नाही.

११ मार्च

वहिनीचा दादाला फोन — "अहो, शनिवारी या. पण परतीचं तिकीट एकच काढा." डिग्रीचं एक अक्षर नाही.