मावशीचे दिवे आणि डिकीतली पुस्तकं

मी, खाली सही करणारी, चष्मेवाल्यांची विधवा, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला वजाबाकी घातली. मी उत्तर दिलं आणि त्यांच्या चष्म्याची डावी काडी वाकडी आहे हेही सांगितलं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायचा प्रयत्न माझ्या धाकट्या दिरांनी केला होता, तो फसला.

वकीलबाईंनी मला नमुना दिला होता. त्यात इतके 'सदरहू' होते की वाचताना ठेचा लागत होत्या. म्हणून मी माझ्या भाषेत लिहिते. जे कायद्यात बसत नसेल ते त्यांनी दामटून बसवावं.

लिहिण्यामागे हेतू एकच. घर, पैसे, भांडी यावरून आमच्यात भांडण नाही. भांडण गाडीच्या दिव्यांवरून आहे. माझ्या पश्चात आमची जुनी गाडी रस्त्यावर चालती राहावी आणि मी बसवलेले दिवे कोणी काढू नयेत, एवढीच माझी शेवटची इच्छा आहे. बाकीची कलमं सोबतीला.

कलम पहिले : घर
हे घर आणि पुढचं अंगण माझ्या मुलीला. तिने ते ठेवावं, विकावं, भाड्याने द्यावं, मी वरून बघायला येणार नाही. फक्त घर तिच्याकडे आहे तोवर गेटसमोरच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाने काढलेल्या दोन फुल्या पुसू नयेत. रंगारी विचारेलच. त्याला म्हणावं, फुल्यांना वळसा घालून रंग मार.

कलम दुसरे : पैसे
बँकेत जे असेल ते मुलीला. आधी गाडीचे टायर बदलावेत, मग काय करायचं ते करावं.

कलम तिसरे : दुकानातलं उरलंसुरलं
चष्म्याचं दुकान ह्यांच्यामागे मी वर्षभर चालवलं आणि मग विकलं. त्यातल्या तीन वस्तू माझ्याकडे राहिल्या होत्या.

एक, काळ्या काचांचा शेवटचा चष्मा. तो शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांना द्यावा. आमच्या दिव्यांनी त्यांची झोप मोडते अशी तक्रार त्यांनी माझ्याकडे न करता अख्ख्या गल्लीकडे केली होती. चष्मा चांगल्या प्रतीचा आहे. झोपताना लावावा.

दोन, भिंगांची पेटी आणि छोटे पेचकस. हे गाडीचे दिवे बसवून देणाऱ्या वायरमनला द्यायचे होते. पण तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असं वकीलबाई म्हणतात. म्हणून गेल्या महिन्यातच चहा पाजून हातोहात दिले. तो "कशाला, ताई" म्हणाला आणि पेटी आधी स्कूटरला बांधून मग चहा प्यायला.

तीन, जवळची नजर तपासायचं कार्ड. त्यावर एक उतारा आहे. एक बाई टोपली घेऊन पुलावरून चालली आहे, वारा सुटला आहे, आणि तेवढ्यात... इथे कार्ड संपतं. माझी शाळा चौथीत सुटली. लग्नानंतर दुकानात बसू लागले तेव्हा ते कार्ड अक्षर अक्षर लावून वाचलं आणि ह्यांना विचारलं, "पुढे काय झालं?"

हे म्हणाले, "कुणाचं?"

"त्या बाईचं."

हे खूप हसले. दुसऱ्या दिवशी जुन्या बाजारातून एक गोष्टींचं पुस्तक घेऊन आले. "यात बघ सापडते का ती." त्यात नव्हती. पुढच्यातही नव्हती. ती बाई मला अजून सापडलेली नाही, पण तिला शोधता शोधता मी वाचणारी झाले. हे कार्ड कोणालाही देत नाही. माझ्याबरोबर जाऊ द्यावं.

कलम चौथे : मावशी
आमची गाडी मूळची ह्यांच्या मावशीची, म्हणून गाडीचं नाव मावशी. दुधी हिरवा रंग, दोन दारं, गोल डोळे. ती ह्यांना मिळाली आणि धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या भाऊजींना मिळाली नाही. त्यांनी मग हट्टाने तसलीच दुसरी शोधून आणली आणि तिचा एकेक स्क्रू कारखान्यातून आला तसा ठेवला. म्हणून मी त्यांना मनात 'ओरिजिनल' म्हणते. आता कागदावरही म्हटलं.

मावशीचे दिवे म्हणजे दोन उकडलेली अंडी. पिवळे, गोल, उजेड स्वतःपुरता. हे स्वतः साऱ्या गावाला चष्मे देणारे, आणि ह्यांच्या गाडीला समोरची म्हैस दिसत नव्हती. मी शेजारी बसून "उजवीकडे कठडा, डावीकडे सायकल" असं सांगत राहायचे. दिवे बदला म्हटलं की म्हणायचे, "भाऊ चिडेल."

हे गेल्यावर मी एक सीट उजवीकडे सरकले. गाडी शिकले. पहिल्याच संध्याकाळी कळलं की शेजारी बसून सांगणारं कोणी नाही. तिथे माझी पिशवी बसते, तिला कठडा दिसत नाही. मग मी वायरमनला बोलावलं.

त्याने मीटर लावून बघितलं. "ताई, बॅटरी बारा व्होल्ट देते. दिव्यापर्यंत नऊ पोचतात."

"मधले तीन कोण खातं?"

"थोडे वायर खाते, थोडे स्विच. म्हातारी झालीत दोघं."

सगळी वीज आधी डॅशबोर्डावरच्या स्विचपर्यंत येऊन मग दिव्यांकडे जायची. त्याने मध्ये रिले बसवला. आता स्विचने नुसता हुकूम सोडायचा, आणि वीज जाड वायरीने बॅटरीतून थेट दिव्यांकडे. ही पद्धत मला लगेच समजली. आमचे हे खुर्चीत बसून "चहा" म्हणायचे, उठायचं काम दुसऱ्याचं. आतली काच, आरसा आणि बल्ब नवे, बाहेरची चकचकीत कडी जुनीच. गाडीला एकही नवं भोक पाडलेलं नाही. हे ओरिजिनल यांच्या माहितीसाठी.

मग गाडी गेटात उभी करून समोरच्या भिंतीवर दिव्यांच्या उंचीला दोन फुल्या काढल्या. झोत फुल्यांच्या किंचित खाली पडेपर्यंत वायरमन स्क्रू पिळत होता आणि मी "वर, वर, अहो खाली" करत होते. प्राध्यापकांचा पडदा त्याच वेळी उजळला.

भाऊजी दुसऱ्या दिवशी आले. हात मागे बांधून गाडीभोवती फिरले. म्हणाले, "वहिनी, मावशीला कवळी बसवलीत!"

मी म्हटलं, "कवळी बसवल्यावर चावता तरी येतं, भाऊजी."

त्यानंतर त्यांनी आमच्याकडचा चहा सोडला. यायचे, बसायचे, पाणी प्यायचे.

एकदा एका नातेवाइकांकडून दोन्ही गाड्या परत येत होत्या. संध्याकाळ कलली आणि डोंगराच्या रस्त्यावर धुकं उतरलं. भाऊजींनी हॉर्न दिला, मी थांबले, तर ते काच खाली करून म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मला काय, कधीही जाता येतं." मी पुढे झाले. सगळ्या वळणांवर ते माझ्या मागच्या लाल दिव्यांना चिकटून होते. खाली उतरल्यावर टपरीपाशी थांबलो, तर भाऊजी डोळे पुसतायत.

"वहिनी, तुमचे दिवे फार डोळ्यांत जातात."

मी म्हटलं, "भाऊजी, मी पुढे होते. दिवे माझ्याही पुढे होते. तुमच्या डोळ्यांत काय गेलं?"

टपरीवरचा चहा मात्र ते दोन कप प्यायले. घरी पोचल्यावर परत मूळपदावर. "तुमच्या पश्चात मी एका दुपारीत जुने दिवे बसवतो. माझ्या भावाची गाडी आहे, त्याला आवडायची तशी राहील. मग माझ्या शेडमध्ये झाकून ठेवीन."

म्हणून लिहिते. मावशी मी माझ्या मुलीला देते. मुलगी आधी म्हणायची, "आई, काकांनाच देऊन टाक, ते जपतील." पण गेल्या हिवाळ्यात ती अंधार पडता पडता एकटी चालवत आली आणि दारातूनच ओरडली, "आई, कडेच्या झाडांची पानं दिसली गं! वेगवेगळी दिसली!" तेव्हाच माझं ठरलं. जपलेल्या गाडीतून पानं दिसत नाहीत.

कलम पाचवे : पुस्तकं
माझी सगळी पुस्तकं मावशीच्या डिकीत आहेत. दुकान विकलं तेव्हा ती तिथून डिकीत भरली, घरी कपाट करायचं राहून गेलं. मी संध्याकाळी तळ्याकाठी गाडी लावते आणि डिकी उघडते. येणारे-जाणारे पुस्तक नेतात, आणून देतात. काही आणून देत नाहीत. त्यांना मी ओळखून आहे.

दिवे बसवल्यावर काही दिवसांनी पुस्तकांना ऊन द्यायला ती सगळी अंगणात काढली आणि डिकी रिकामी घेऊन बाहेर पडले. तर दिवे नाकासमोर जमिनीवर! मावशी स्वतःचे पाय बघत चालली होती. वायरमन आला. अर्धा दिवस वायरी उचकल्या, रिले बदलला, स्वतःला शिव्या घातल्या. दोष सापडेना. शेवटी मी कंटाळून पुस्तकं परत भरू लागले, आणि तो समोरून ओरडला, "ताई, हलू नका! अजून टाका!"

मी एकेक गठ्ठा ठेवत गेले तसा भिंतीवरचा झोत वर चढत गेला आणि बरोबर फुल्यांखाली थांबला. आम्ही दोघा शहाण्यांनी दिवे जुळवले होते ते डिकी भरलेली असताना. मागचा भार होता म्हणून नाक वर होतं. वायरमन म्हणाला, "रिकाम्या गाडीवर पुन्हा लावून देतो, दहा मिनिटांचं काम." मी नको म्हटलं. राहू दे असंच.

तेव्हा पुस्तकं गाडीपासून वेगळी करू नयेत. ज्याला मावशी हवी त्याने पुस्तकंही घ्यावीत. एखादं कोणी नेलं तर त्या जाडीचं दुसरं ठेवावं. वाचावीत अशी सक्ती नाही, पण इतकं वजन घेऊन फिरताना माणूस एखादं उघडतोच.

कलम सहावे : जुने दिवे
मावशीचे मूळचे दोन दिवे मी फेकलेले नाहीत. ते ह्यांच्या लोकरी स्वेटरमध्ये गुंडाळून पलंगाखालच्या पेटीत आहेत. ते भाऊजींना द्यावेत. स्वेटरसकट.

आणि आता एक गोष्ट, जी मी भाऊजींना आजवर सांगितली नाही. भांडण चांगलं रंगलं होतं, आणि मला ते माझ्याच जोरावर जिंकायचं होतं. नवे दिवे मी विकत आणलेले नाहीत. दुकान आवरताना भिंगांच्या कपाटामागे सापडले. चष्मे पुसायच्या पिवळ्या फडक्यात बांधलेले, काचा लखलखीत पुसलेल्या. वायरमनला दाखवले तर तो म्हणाला, "साहेबांनी माझ्याकडूनच मागवले होते. म्हणाले, भावाचा राग निवळला की बसवू." राग निवळायची वाट बघता बघता माणूसच गेला. तेव्हा भाऊजी, मी तुमच्या भावाच्या मनाविरुद्ध काही केलेलं नाही. त्यांचं राहिलेलं काम केलं.

वरील सर्व मी समजून उमजून लिहिलं आहे. आधीचं मृत्युपत्र नाही. पुढे बदल करावासा वाटला तर करीन, अजून पेन चालतं आहे.

स्थळ : राहत्या घराची पुढची खोली, खिडकी उघडी
दिनांक : १४ नोव्हेंबर, दुपार उतरताना

वाचून झाल्यावर, सह्यांआधी घातलेली भर :
दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी होती. वकीलबाई त्यांच्या ऑफिसातल्या कोणाला तरी आणणार होत्या. भाऊजी हरकत घ्यायला म्हणून आले होते, कोपऱ्यात बसले होते. वकीलबाईंनी सगळं मोठ्याने वाचलं. सहावं कलम संपल्यावर भाऊजींनी विचारलं, "पिवळ्या फडक्यात?"

वायरमन म्हणाला, "हो, साहेब."

भाऊजींनी खिडकीतून भिंतीवरच्या फुल्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "दुसरा साक्षीदार मी होईन."

वकीलबाई म्हणाल्या, "मग कलम सहामधले दिवे तुम्हाला मिळणार नाहीत. आणि या कागदाविरुद्ध उभंही राहता येणार नाही."

"कळतं मला. पेन द्या."

मी म्हटलं, "भाऊजी, दिवे आत्ताच हातोहात घेऊन जा की."

तर म्हणाले, "राहू देत पेटीत. स्वेटर तेवढा द्या. आणि वहिनी, चहा टाका."

म्हणून कलम सहामधली देणगी रद्द समजावी. त्याच कलमात खाली सांगितलेली गोष्ट रद्द नाही.

सह्या आणि चहा झाल्यावर आम्ही मावशीतून तळ्यापर्यंत चक्कर मारणार आहोत. अंधारून येतंच आहे. भाऊजींचं वजन बघता त्यांना मागे बसवता येणार नाही, दिवे झाडांच्या शेंड्यांवर जातील. ते पुढे, माझ्या शेजारी बसतील. पिशवी मागे जाईल. कठडा कुठे आहे ते त्यांनी सांगावं. आता मलाही दिसतो, तरी सांगावं.

सही : चष्मेवाल्यांची विधवा

साक्षीदार १ : वायरमन
साक्षीदार २ : धाकटा दीर, ऊर्फ ओरिजिनल (हे त्यांनी स्वतःच लिहिलं)