जाहकाच्या पिल्लांची चिवचिव

स्फाक्स, ६ मे १९७९

ती. मबरूकाताईस,
धाकट्या तिजानीचा सलाम. वि. वि.

हिन्दाला तुझ्याकडे सोडून आलो, तेव्हापासून घास घशाखाली उतरत नाही. बाळ मेलेलंच जन्माला आलं, त्या दिवसापासून माझ्या लेकीने तोंडातून शब्द काढलेला नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. सासूबाई म्हणतात, नजर लागली आहे. जाहकाचं, त्या अंगभर काटे असलेल्या छोट्या प्राण्याचं, मटण खाऊ घाला, जीभ सुटेल. आपली आईही हेच करायची ना? मला पटतं का, ते विचारू नकोस. बुडत्याला काडीचा आधार. तुझ्या जैतुनांच्या रानात जाहक सापडेल. कांदा-मिरी घालून आईसारखं कर.

तुझी माया आहे म्हणून हक्काने सांगतो. ही माया अशीच राहू दे.

तुझा,
तिजानी

बीर सालेह, १४ मे १९७९

चि. तिजानीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासूबाईंना सांग, त्यांचं औषध लागू पडलं. तेही शिजवण्याआधीच! आता नीट बसून वाच.

परवा संध्याकाळी अंगणाच्या कडेला मचमच आवाज करत गोगलगाई खाणारा जाहक सापडला. हात लावताच अंगाचा काटेरी चेंडू करून असा फुसफुसायला लागला, की पत्त्यांत हरलेला तूच आठवलास. टोपलीखाली झाकून ठेवला.

सकाळी मी सुरीला धार लावायला बसले आणि हिन्दाला छाटलेल्या फांद्यांच्या ढिगाकडे सरपणासाठी पाठवलं. ती लवकर येईना. ढिगाकडून बारीक चिवचिव येत होती; मला वाटलं, चिमण्या. साठी उलटली तरी मला जाहकाचं फुसफुसणं तेवढं ठाऊक. आम्ही त्याला पकडायलाच जातो, मग तो आमच्याशी दुसरं काय बोलणार?

हिन्दा धावत आली. टोपली उचलली आणि तिजानी, ती बोलली रे! म्हणाली की आत्या, हिला सोड, हिची पिल्लं तिकडे भुकेने रडताहेत. आवाज गंजल्या कडीसारखा, पण तिचाच. मी सुरी बाजूला ठेवली.

फडक्यात धरून आम्ही त्या आईला ढिगाशी नेलं. ती आत शिरली आणि चिवचिव थांबली. मग हिन्दा तिथेच मातीत बसून हमसाहमशी रडली. मी तिला रडू दिलं. अल्लाचे उपकार मानावे तेवढे थोडे आहेत. यंदा तो ढीग मी पेटवणार नाही. शेजारी नावं ठेवोत.

बहिणीवर लोभ ठेव आणि पत्र लिहायचा आळस सोड.

मबरूका

बीर सालेह, १५ मे १९७९

ती. बाबांस,
हिन्दाचा सलाम.

आत्या कुरकुरते आहे की आटप, भाकरी निवते. तिला कुरकुरू दे.

बाबा, मी रुसले नव्हते. त्या दिवशी सगळ्या बायका गप्प झाल्या आणि मी कान लावून पडले होते, बाळ आता रडेल, मग रडेल. तेव्हापासून ऐकतच राहिले. आपण बोललो आणि नेमका तेव्हाच तो आवाज आला तर, अशी भीती वाटायची. ढिगाशी पिल्लं रडताना ऐकली. त्यांच्यासाठी मला काही करता येत होतं, आणि ते बोलल्याशिवाय होणार नव्हतं.

तुम्ही एकदाही मला बोल म्हणून दटावलं नाहीत. रोज नुसते शेजारी बसलात. त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

मुलगी होती. तिचं नाव मी ठरवून ठेवलं होतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. कागदावर लिहीत नाही. शुक्रवारी या, तोंडाने सांगते.

माया करत राहा.

तुमची,
हिन्दा