कॅथीड्रलमधली चार मिनिटं

बुइटनव्हेल्डर्ट, अॅमस्टरडॅम
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

चि. जुईस,

अनेक आशीर्वाद. मायना सवयीने लिहून गेले, आता खोडत नाही.

इकडे थंडी सुरू झाली आहे. आईंनी जेवणाच्या टेबलाशेजारी काचेच्या वाडग्यात घट बसवलाय, गहू बोटभर वर आलेत. आर्याची शाळा सुरू होऊन महिना झाला. आता ती एकटी सायकलने जाते. आईंचं परतीचं तिकीट नऊ ऑक्टोबरचं आहे. अभिराम ठीक आहे.

तुझे अकरा मेसेज आले. सगळे वाचले. फोन उचलले नाहीत, कारण बोलायला लागले की मी तुझी समजूत काढायला लागते. गेली दहा-बारा वर्षं तेच करत आले. तू लायडनला शिकायला आलीस, पहिल्या हिवाळ्यात दर शनिवारी आमच्याकडे येऊन वरणभात खात रडायचीस, तेव्हापासून. म्हणून कागद घेतला. शिवाय हाताने लिहिलेलं कापून-जोडून दुसरं काही करता येत नाही.

तू विचारतेस, "ताई, नेमकं झालं काय?" सांगते.

आईंनी जुलैत आल्याआल्या तुझं-माझं 'चालता-बोलता' अॅप आपल्या फोनवर घेतलं. लायडनचा वॉक, गावातून चालत माझ्या आवाजात माहिती ऐकायची तो, त्यांनी अभिरामबरोबर केला. एका हातात छत्री, कानात इअरफोन. घरी येऊन म्हणाल्या, "नीरजा, तू घरात इतकी कधी बोलत नाहीस." साताऱ्यातल्या त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर त्यांनी लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, हा आवाज माझ्या सुनेचा. मग त्यांना स्ट्रासबुर्गही बघायचं होतं. पॅरिस नको, सुनेने सांगितलेलं गाव हवं.

तो वॉक तयार झाल्यावर मी एकदाही ऐकला नव्हता. तुला माहीतच आहे, मला स्वतःचा आवाज ऐकवत नाही. लिहायचं आणि बोलायचं मी, बाकी सगळं तू, असं आपलं पहिल्यापासून ठरलेलं. तू 'झालं ताई, मस्त झालंय' म्हणालीस आणि माझ्यासाठी ते पुरेसं होतं.

तीस ऑगस्टला, शनिवारी सकाळी, आम्ही सुरुवात केली. कामरझेल वाड्यासमोर आई थांबल्या. त्या काळ्या लाकडावरचं कोरीवकाम त्यांना फार आवडलं. मी फोनमध्ये पंचाहत्तर खिडक्या म्हटलंय म्हणून त्या मोजायला लागल्या, चाळिशीपर्यंत गेल्या आणि हसून सोडून दिलं. मग आम्ही कॅथीड्रलच्या दारात आलो. ऊन पडलं होतं आणि तो तांबडा दगड अगदी भाजलेल्या विटेसारखा दिसत होता. एकच शिखर का, दुसरं कुठे गेलं, असं आर्याने विचारलं तर आईच म्हणाल्या, "ते बांधायचं राहूनच गेलं. तुझ्या आईने सांगितलंय, ऐक की." आणि एक इअरफोन काढून त्यांनी तिच्या कानात घातला. तिथून पुढे दोघी मिळून ऐकत होत्या.

साडेबाराला घड्याळाचा खेळ झाला. बारा शिष्य एकामागून एक येशूपुढून गेले, वरचा कोंबडा पंख झाडून तीनदा आरवला. आर्याने विचारलं, कोंबडा का? मी सांगितलं की त्याच्या जवळच्या एकाने 'मी याला ओळखत नाही' असं तीनदा म्हटलं, त्याची ती आठवण. हे मी अगदी सहज, गाइडच्या आवाजात सांगितलं. पुढच्या पाच मिनिटांत काय होणार आहे याची मला कल्पनाच नव्हती.

गर्दी पांगली. अभिराम पार्किंगची वेळ वाढवायला बाहेर गेला होता. आई देवदूतांच्या खांबाजवळ खुर्चीवर बसल्या, आर्या त्यांना टेकून उभी. मी जरा लांबून, वरच्या कठड्यावर कोपर टेकून खांबाकडे बघत बसलेला तो दगडी माणूस शोधत होते. मान खाली केली तर आर्या माझ्याकडे बघत होती. ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते, तुला माहीत आहे. "ममा," ती म्हणाली, "इज धिस अबाउट आबा?"

आईंचे डोळे मिटलेले होते. मी हात पुढे केला, पण फोन त्यांच्या मुठीत होता. पूर्ण होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. मग आर्याच्या कानातला इअरफोन काढून घेतला, वायर चार बोटांवर गुंडाळली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "चला. अभिराम वाट बघत असेल."

आता पुढचं लिहायलाच हवं. तुला सगळं माहीत आहे, पण तुला मी ते एकदाच तोंडी सांगितलं होतं. कागदावर कधी आणलं नाही.

मार्च २०१९. साताऱ्यात माझ्या सासऱ्यांना, आबांना, अर्धांगाचा झटका आला. अभिराम आठ दिवस जाऊन आला. नंतर आईंनी मला बोलावलं. महिनाभर ये, म्हणाल्या, मला एकटीला उचलवत नाहीत आणि ते सारखं तुझं नाव काढतात. आठ वर्षं इथे अभिरामची बायको म्हणून राहिल्यावर मला त्याच आठवड्यात आर्किटेक्टच्या ऑफिसात काम मिळालं होतं. पहिला महिना चाचणीचा. मी आईंना सांगितलं की माझं रहिवासी कार्ड नवीन व्हायचंय, ते हातात येईपर्यंत देश सोडता येत नाही. अभिरामलाही तेच सांगितलं. कार्ड चार दिवसांपूर्वीच आलं होतं. ते मी पिठाच्या डब्यांच्या मागे ठेवलं होतं. एकोणिसाव्या दिवशी आबा गेले. कार्ड दुसऱ्या दिवशी 'आलं'. मी तेराव्याला पोचले आणि सगळ्यांनी माझीच समजूत घातली.

साडेचार वर्षं मी हे कुणालाही सांगितलं नाही. मग तुला सांगितलं. त्याच खांबाजवळ.

माझ्या कॉलरला तू लावलेला माइक होता. वॉकसाठी मी कॅथीड्रलच्या पायाबद्दल बोलत होते. एवढा दगडाचा डोलारा आधी पाण्यात ठोकलेल्या ओकच्या खुंटांवर उभा होता, पुढे पाण्याची पातळी उतरली, खुंट कुजले आणि शंभर वर्षांपूर्वी खालून नवा पाया घालावा लागला, हे सगळं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या दिनकरआबांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. मी कुठलीही इमारत बघून आले की फोनवर म्हणायचे, "वरचं राहू दे, पायात काय आहे ते सांग." ते बोलले आणि मला पुढे बोलता येईना. तू विचारलंस, "काय झालं ताई?" आणि मी सांगत गेले. तू माझा हात धरला होतास. शेवटी म्हणालीस, "हे इथेच राहील."

जुई, ते तू तिथेच ठेवलंस, वॉकमधल्या सात नंबरच्या थांब्यावर, हे मात्र खरं.

त्या दिवशी दुपारी आम्ही सगळं बघितलं. आईंनी काहीही टाळलं नाही. चामडं कमावणाऱ्यांची जुनी घरं, कालवे, ते पूल. अभिरामने त्यांचे फोटो काढले, त्यात त्या हसताहेत. शेवटी नदीवरच्या जुन्या, व्होबांच्या धरणाच्या गच्चीवर गेलो. अभिराम आणि आर्या दुसऱ्या टोकाला गेले तेव्हा आई माझ्याशी बोलल्या. समोर पुलावरच्या तीन बुरुजांकडे बघत, आवाज न चढवता.

"शेवटचे चार दिवस त्यांची वाचा गेली होती. त्याच्या आधी रोज विचारायचे, नीरजा निघाली का. मी रोज सांगायचे, तिचं कार्ड अडकलंय हो, नाहीतर ती थांबली असती का? मला ते खरं वाटत होतं, म्हणून त्यांना पटायचं."

मग त्या म्हणाल्या,

"बेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते. शेवटी तेवढं तू माझ्याकडून बोलवून घेतलंस."

मी म्हटलं, "आई, मला नोकरी मिळाली होती. ते सांगायचा धीर झाला नाही."

"सांगितलं असतंस तर मी काय म्हणाले असते, ते आता मलाही सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. आणि पुढे, "मला सांगितलं नाहीस. अभिरामला नाही. त्या मुलीला सांगितलंस आणि तिने बाजारात मांडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत बसून मी ते ऐकलं. चार मिनिटं बावीस सेकंद. तू नावं कापलीस हे कळलं. 'दिनकर' कापलंस, 'सातारा' कापलंस. पण स्वतःचे प्रश्नही कापलेस. "काय झालं ताई" गेलं, मला थोपटताना तू जे पुटपुटत होतीस तेही गेलं. आता ऐकणाऱ्याला वाटतं की ही बाई आपल्या सासऱ्याच्या मरणाची गोष्ट अनोळखी लोकांना सांगत सुटली आहे. आणि मी जिथे रडते तिथे तू मागून ऑर्गन लावलास. तो आवाज नेमका कुठून सुरू करायचा हे ठरवताना तुला ते कितीदा ऐकावं लागलं असेल? तेवढ्या वेळात एकदाही मला फोन करावासा वाटला नाही?

तिथूनच तुला दोन मिनिटांचा फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "ताई, नाव कुठेच नाहीये. आणि खरं सांगू, लोक त्या चार मिनिटांसाठीच तो वॉक घेतात. मला वाटलं तू बोलायलाच हवं होतंस, तू मोकळी होशील." माझं मोकळं होणं तू परस्पर ठरवलंस. आई, अभिराम आणि आर्या, या तीन जणांपासून मी ते लपवत होते, आणि तिघांना ते माझ्या तोंडून कळायला हवं होतं. ते कधी सांगितलं असतं का, कोण जाणे. कदाचित नसतंही. पण आता तो प्रश्नच उरला नाही.

अभिरामला मी घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी सांगितलं. तो भांडी लावत होता. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "जुईला कधीपासून माहीत आहे?" दोन वर्षं, म्हटलं. "दोन वर्षं ती या टेबलावर जेवतेय," तो म्हणाला आणि उरलेली भांडी लावली. महिना झाला, आम्ही कामापुरतं बोलतो. माझ्या खोट्याचा त्याला राग आहे, तो मला मान्य आहे. पण ते तुझ्याजवळ होतं आणि त्याच्याजवळ नव्हतं, याचा राग जास्त आहे.

आई मला एक शब्दही लावून बोलत नाहीत. फक्त विचारायला लागल्या आहेत. "नीरजा, मशीन लावू का?" "हे दूध वापरलं तर चालेल का?" दीड महिना त्या या घरात माझ्या आधी उठून चहा टाकत होत्या. आता मी उठेपर्यंत खोलीत बसून असतात, पाहुण्यासारख्या.

तू पहिल्याच आठवड्यात मेसेज केलास की तो भाग काढून टाकलाय. त्याच मेसेजमध्ये खाली रुआँ गावाच्या नव्या वॉकच्या स्क्रिप्टचं विचारलं होतंस, कधीपर्यंत होईल म्हणून. ती होणार नाही. माझा आवाज असलेलं बाकीचं सगळंही काढ. लायडनसुद्धा. याबद्दल मला चर्चा नको.

पण हे पत्र केवळ त्यासाठी लिहिलेलं नाही. परवा दुपारी आईंनी फोन माझ्यासमोर धरला. "इथे सात नंबरला होतं ते दिसत नाही," म्हणाल्या. मी सांगितलं की जुईने काढलं. त्यांनी यादी पुन्हा वरपासून खाली सरकवून बघितली. मग म्हणाल्या, "त्यात तू त्यांची नक्कल केली होतीस. वरचं राहू दे, पायात काय आहे. अगदी तसंच म्हणाली होतीस. मला ते पुन्हा ऐकायचं होतं."

महिन्याभरात परवानगी न मागता त्यांनी माझ्याशी केलेलं हे पहिलं बोलणं.

तेव्हा मला मूळ रेकॉर्डिंग पाठव. कापलेलं नको. ऑर्गन नको. आबांचं नाव, साताऱ्याचं नाव, तुझे प्रश्न, सगळं असलेलं, सुरुवातीपासून. कार्ड कुठे ठेवलं होतं तेही त्यात आहे आणि ते आईंनी अजून ऐकलेलं नाही, कारण तो भाग तुला लांबला म्हणून तू गाळलास. तो मी त्यांच्या शेजारी बसून ऐकणार आहे. अभिरामलाही बसायला सांगणार आहे. त्यानंतर काय होईल ते मला माहीत नाही. नऊ तारखेच्या आत पाठव.

पाठवल्यावर तुझ्याकडची प्रत पुसून टाक. पुसलीस की नाही हे मला तपासता येणार नाही. तुझ्या शब्दावर विसंबावं लागेल, आणि या सगळ्या पत्रात लिहायला मला सगळ्यात जड गेलेलं वाक्य तेच आहे.

रेकॉर्डिंग मिळाल्याचं एका ओळीत कळवीन. घरी येऊ नकोस. आर्या तुझ्याबद्दल विचारते, तिला काय सांगायचं ते मी बघेन.

तब्येतीला जप, हे मनापासून लिहिते आहे. त्याखाली मात्र आज 'ताई' नाही, नुसतं नाव.

नीरजा