क्रीम वर तरंगलं पाहिजे

३ मार्च, संध्याकाळी ७
वीस तारखेला लग्नाला पंचवीस वर्षं. पाहुण्यांना या वेळी माझ्या हातचं कॉकटेल. व्होडका, कॉफी लिकर, बर्फ. हलक्या हाताने ढवळायचं, मग वरून क्रीम. क्रीम वर तरंगलं पाहिजे. बत्तीस वर्षं लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणाऱ्याला हे काय जड? रोज एकच ग्लास, सरावापुरता. बायकोला सांगितलं. ती उठून आत गेली. म्हणजे होकार.

५ मार्च
क्रीम बुडालं. दुसरा केला. तोही बुडाला. ओतून देणं जिवावर आलं. एक सराव, एक चूक. चूक मोजायची नसते.

८ मार्च
क्रीम फाटलं. नियमात बदल: पाहुणे आठ आहेत, तर सराव एका ग्लासाचा कसा पुरेल? आज चार.

११ मार्च, दुपारी २
दुकानात गर्दी नव्हती. जेवायला घरी आलो, एक केला. ढवळताना चमचा काचेवर टकटक वाजतो. चमचाच हलका. लांब दांड्याचा नवा आणला. तोही वाजतो. हल्ली वस्तू धड मिळतच नाहीत.

१३ मार्च
एका गिऱ्हाइकाच्या कानामागे जरासं लागलं. ओरडला असा, जणू कान हातात आला. तुरटी लावली. धाकटा भाऊ, दुकानातला भागीदार, म्हणाला, "दादा, यापुढे दाढ्या मी करतो. तू कटिंग बघ." माझ्या वयाचा मान ठेवतो. संस्कार, दुसरं काय!

१५ मार्च, सकाळी ९.३०
जाणकार लोक चव सकाळीच घेतात. जीभ ताजी असते. शिवाय क्रीम म्हणजे शेवटी दूधच.
दुकानात निवृत्त हेडमास्तर आले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. माझी खुर्ची रिकामी, मी झटकूनही ठेवली. तर म्हणाले, "असू द्या, मला घाई नाही." आणि पाऊण तास बाकावर बसून धाकट्याची वाट बघत राहिले. बिचाऱ्यांचा वेळ जात नाही.
धाकट्याने वस्तऱ्यांच्या ड्रॉवरला कुलूप लावलंय. चोऱ्या वाढल्यात म्हणे.

१८ मार्च
परगावाहून मुलीचा फोन. "बाबा, आई फोनवर रडत होती. काय झालंय?" म्हटलं, पंचवीस वर्षं झाली की बायका हळव्या होतात. तिने फोन ठेवला नाही. मीच ठेवला.
उद्या पूर्ण बंद.

१९ मार्च
बंदच होतं. पण रंगीत तालमीशिवाय प्रयोग कोण करतं? आणि आज क्रीम तरंगलं! खात्रीसाठी सहा वेळा पुन्हा केलं.

२० मार्च
आठही ग्लास जमले. क्रीम वर, कॉफी खाली, मध्ये रेघ मारल्यासारखी. ट्रे उचलला. स्वयंपाकघरातून हॉल बारा पावलं. तिसऱ्या पावलाला ग्लास एकमेकांवर वाजायला लागले. हॉलमधल्या माना वळल्या. कुणी ट्रेकडे बघत नव्हतं. माझ्या हातांकडे बघत होते.
बायको उठली, ट्रे घेतला, आणि एकेक ग्लास सिंकमध्ये ओतला. आठही. कुणीच "अहो वहिनी, हे काय" म्हटलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पंचवीस वर्षं झाली. सव्विसावं मी असं काढणार नाही."
साडू जेवणभर हवामानाबद्दल बोलत राहिले.

२२ मार्च
परवापासून थेंब नाही. अंगात कसर आहे, हवा बदलल्याने असेल. दुपारी डॉक्टरांकडे जायचंय. फक्त ब्लडप्रेशरसाठी. घरी दाढी करायला घेतली, जमली नाही. बायको दुकानात घेऊन आली.
धाकट्याने मला त्याच्या खुर्चीत बसवलं. फेस लावला. कुलूप काढून वस्तरा घेतला. गळ्याला टेकवला, उचलला. पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला.
"दादा, हलू नकोस."
मी हलत नव्हतो. तसं सांगितलंही.
त्याने वस्तरा मिटला. टॉवेलने माझा फेस हळूहळू पुसला.
"असाच जा, दादा," म्हणाला. "डॉक्टरांना चालेल."