आजीचा गोळ्यांचा डबा

छकुले,

आजीला दवाखान्यात ठेवलंय. जुलाब थांबत नाहीत, तापही हटत नाही. डॉक्टरांनी मागितला म्हणून तिचा डबा न्यायला आलो होतो, तू घरी नव्हतीस.

जरा शिंक आली की ती त्यातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी मनानेच घ्यायची. नीट समजून घे हं. आपल्या आतड्यात चांगले जंतूही राहतात. शत्रू कसा ओळखायचा, हे तेच शरीराच्या सैनिकांना शिकवतात. गोळ्यांनी शत्रूंबरोबर हे मास्तरही मेले, आणि वाईट जंतूंना रान मोकळं झालं.

डबा उघडला, तर आत तुझी केसांची लाल पिन.

परवापासून तुझंही पोट दुखतंय ना? रागावणार नाही, राणी. किती गोळ्या घेतल्यास ते शेजारच्या काकूंना सांग आणि मला लगेच फोन कर.

— आजोबा